बोट सरळ चालली असताना

अमेरिकेचा वायव्य कोपरा मी जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून पाहिला, तोही एक डोळा लेकीच्या पोटावर ठेवून. त्यामुळे पुढच्या मजकुरात डोंगर थोडे कमी आणि पोट थोडं जास्त येईल. ज्यांना नुसते डोंगर हवे आहेत त्यांनी निखिलने काढलेले फोटो बघावेत, ते ढिगाने आहेत.

मुक्ताला सातवा सरून आठवा लागला होता. मी कराडहून बेलव्ह्यूला, त्यांच्या घरी पोचून जेमतेम आठवडा झाला होता आणि अजून दुपारी जेवताना डुलक्या येत होत्या. बाळंतपणाला म्हणून आलेल्या आईने आधी घर लावावं, डबे भरावेत, दुपट्यांना टाके घालावेत, असं माझ्या डोक्यात. तर या दोघांनी तीन दिवसांची सहल ठरवून टाकलेली. इथे म्हणे बाळ यायच्या आधी नवरा-बायको दोघंच कुठेतरी फिरून येतात, तशी रीतच आहे. सासूला बरोबर न्यायची रीत अर्थातच नाही. ती निखिलने चालू केली.

"आई, तुम्ही घरी बसून काळजी करसाल, त्यापेक्षा गाडीत बसून करा ना," तो म्हणाला. निखिल नागपूरचा आहे. त्याला मनापासून हसू आलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

काळजी हा माझा जोडधंदा आहे हे मी मान्य करते. पण या वेळी तिला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मुक्ताचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. तेव्हा मी इथे नव्हते, फोनवर होते. फोनवरून माणसाला नुसतं ऐकता येतं. या वेळी व्हिसाची तारीख मिळाल्याबरोबर मी निघाले. मुलगी आहे हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, तेही गप्पा मारता मारता. आपल्याकडे हे विचारणंसुद्धा गुन्हा. त्यामुळे शेजारची अमेरिकन बाई लिफ्टमध्ये "मुलगी ना?" असं मोठ्याने म्हणाली तेव्हा मी दचकून मागे बघितलं होतं.

पुलावरून

सहल होती खाडीपलीकडच्या द्वीपकल्पावर, आणि तिथे जायला दोन वाटा आहेत. एक मोटारीसकट फेरीबोटीत चढायची, दुसरी दक्षिणेकडून मोठा वळसा घालून पुलावरून जाणारी. पोटुशीने पाणी ओलांडू नये असं माझी आई म्हणायची. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आहे, तरी तोंडातून निघून गेलं, "बोट नको." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्याने वळसा घेतला. पुलाखालीही पाणीच असतं हे माझ्या ध्यानात पूल आल्यावर आलं. निखिलचे खांदे हलताना मला मागून दिसत होते.

हमरस्ता मात्र असा होता की गाडी चाललीय यावर विश्वास बसू नये. निखिलने क्रूझ कंट्रोलवर वेग लावून दिला आणि पाय बाजूला घेतला. थर्मासच्या झाकणातला माझा चहा टेबलावर ठेवल्यासारखा सपाट होता.

मुक्ता पुढून म्हणाली, "आई, आपण सत्तरच्या स्पीडने चाललोय. हिला आत कळत असेल का गं?"

इतका चांगला प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता.

"नाही कळत," मी म्हटलं. "गाडी सरळ आणि एकाच वेगाने चालली असेल ना, तर आत बसलेल्याला ती धावतेय की उभी आहे हे ओळखायला काही मार्गच नाही. काचांना पडदे लाव आणि हा चिवडा वरून सोड. आपल्या स्वयंपाकघरात पडतो तसाच सरळ खाली पडेल."

"खाली म्हणजे माझ्या सीटवर," निखिल म्हणाला. "तो एक्सपेरिमेंट नका करू, प्लीज."

"मग हिला कळतं कधी?" मुक्ताने विचारलं.

"निखिल ब्रेक मारतो तेव्हा. वळतो तेव्हा. अशी सरळ, एकसारखी चालणारी गाडी म्हणजे जडत्वीय चौकट. तुमची इनर्शियल फ्रेम. तिच्यात ठेवलेली वस्तू कोणी ढकलल्याशिवाय हलत नाही. आणि हललीच, तर कोणीतरी खरंच ढकललंय, हे नक्की. वळणाऱ्या गाडीत तसं नसतं. तिथे कोणी हात न लावता हा डबा सीटवरून घसरतो, आणि आतल्याला वाटतं कोणीतरी ढकललं. ढकलणारा कोणीच नसतो. गाडी वळलेली असते, एवढंच."

"म्हणजे वळणावर कोणावर भरवसा ठेवायचा नाही," निखिल म्हणाला.

"परीक्षेत असं लिहिलंस तर अर्धे गुण देईन," मी म्हटलं.

मुक्ता पोटावर हात ठेवून हसत होती. "ऐकतेयस का? आजीचा क्लास सुरू झाला." हे ती पोटाशी मराठीत बोलली म्हणून मला फार बरं वाटलं.

तळ्याकाठी

आमची लाकडी खोली एका लांबलचक तळ्याच्या काठावर होती. तळ्याचं पाणी इतकं निळं की मला आधी ते खोटंच वाटलं. चहूकडे देवदारासारखी उंच झाडं, आणि त्यांच्या खोडांवर हिरवं शेवाळ दाढीसारखं लोंबत होतं. दारावर पाटी होती, गाडीत खायचं काही ठेवू नका, अस्वलं येतात. शेंगदाण्याचे लाडू, दशम्या आणि चिवडा यांच्यासाठी अस्वल गाडीची काच फोडेल का, यावर निखिल आणि मी गंभीरपणे चर्चा केली. त्याचं मत, चिवड्यासाठी नाही पण लाडवांसाठी नक्की फोडेल. सगळे डबे आत आणून माझ्या पलंगाखाली ठेवले. मग अस्वल खोलीतच आलं तर काय, ही काळजी मला रात्रभर पुरली.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो. आपल्या कोकणातला किनारा डोळ्यांपुढे आणू नका. इथे वाळूवर अख्खी झाडं पडलेली, साल गेलेली, पांढरी पडलेली, माझ्या उंचीहून जाड. कुठल्या तरी नदीने वाहून आणलेली आणि समुद्राने परत फेकलेली. नारळपाणीवाला नाही, भेळवाला नाही, पोरांचा आरडाओरडा नाही. तुरळक माणसं गरम जाकिटं घालून गंभीर चेहऱ्याने लाटा बघत होती. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन आले, मुक्ताच्या पोटाकडे बघून अभिनंदन म्हणाले आणि तिला बसायला चांगला ओंडका दाखवून निघून गेले. मुक्ता त्याच्यावर बसून दशमी आणि दही खात होती आणि पोटातली पोरगी उड्या मारत होती.

लाथा मुक्तालाही जोरात लागत नसत. वार पुढच्या भिंतीला आहे, त्यामुळे उशीमागून मारल्यासारख्या लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. पण जेवण झालं की ती हमखास नाचायची. मी हात लावला आणि तिने मला हळूच ढोसलं. तीस वर्षं बलाची व्याख्या शिकवली, पण असं बल हाताला लागलं नव्हतं.

परतीची वळणं

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तळ्याच्या काठाने जाणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. निखिल सावकाश चालवत होता तरी आमचे तिघांचे खांदे एकदा इकडे, एकदा तिकडे.

"हललं," मुक्ता म्हणाली. थोड्या वेळाने, "हां, परत."

"नाइस," निखिल म्हणाला.

मी मागून हात पुढे घालून तिच्या कुशीवर ठेवला. मलाही लागलं. मी समाधानाने मागे टेकले आणि चक्क अस्वलं शोधू लागले.

दुपारी एका गावात सूप आणि पाव खायला थांबलो. गावात जिकडेतिकडे लव्हेंडर, अगदी सूपवालीच्या दुकानातही त्याचा वास. आपल्याकडे असा वास कपाटातल्या साबणाला येतो, त्यामुळे मला कपाटात बसून जेवल्यासारखं वाटलं. जेवून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मुक्ता पोटावर हात ठेवून वाट बघत होती.

"आज नाचत नाहीये," ती म्हणाली.

"झोपली असेल. झोळी हलवली की बाळ झोपतंच की. सकाळपासून गाडीत हिंदकळतेय बिचारी."

हे मी म्हटलं आणि मलाच पटलं. मुक्ताने मान डोलावली. पण ती बाकावरून लवकर उठेना. निखिल गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा राहिला, मग त्याने ती फिरवायची थांबवली.

गाडी सुरू झाली आणि थोड्याच वेळात मुक्ता म्हणाली, "हललं! उठली वाटतं." सगळ्यांचे चेहरे सैलावले.

मग वाटेतला दुसरा पूल आला. समुद्राच्या एका फाट्यावर तरंगता पूल टाकलेला आहे, तुकडे जोडून. त्या जोडांवरून चाक गेलं की गाडीला एक हलका दणका बसतो. मी बाहेर करडं पाणी बघत होते.

"बघ, आई! किती वेळा! एकामागून एक," मुक्ता म्हणाली. "हां. हां. आत्ता."

तिच्या प्रत्येक "हां"च्या आधी चाकाचा दणका येत होता. मी एकदा ऐकलं. वाटलं, योगायोग. परत ऐकलं. दणका, हां. दणका, हां. मग मला सकाळ आठवली. तळ्याकाठी ती "हललं" म्हणाली तेव्हा प्रत्येक वेळी माझा खांदा दाराला लागलेला होता. हिंदकळत होतं ते गाडीमुळे. कोणी ढकलत नव्हतं. हे मी परवा याच सीटवर बसून यांना शिकवलं होतं, आणि हात लावून मीच फसले होते.

सांगावं की नाही? सांगितलं तर ती घाबरेल. नाही सांगितलं तर बेलव्ह्यूपर्यंत ती त्या दणक्यांवर खूश राहील. पूल संपेपर्यंत मी दणके मोजले.

"निखिल, गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

"काय झालं, आई? मळमळून राहिलं का?"

"घे म्हटलं ना. आणि बंद कर."

गाडी थांबली. मी पुढचं दार उघडून मुक्ताच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. काहीच नाही. जवळून ट्रक गेला, गाडी हलली, आणि मुक्ता म्हणाली, "हां." मग ती माझ्याकडे बघत राहिली. तिला मला काही सांगावं लागलं नाही. इंजिनिअर आहे ती.

"म्हणजे सकाळपासून?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही, बाळा. सकाळी काही तिचे असतील. पण आपल्याला सांगता येणार नाही."

"काल रात्री होती हलत. रात्री नक्की होती." तिने माझं मनगट धरलं. "ओह गॉड, आई, मी दिवसभर रस्ता मोजतेय."

निखिलने फोन लावला. दवाखान्यातल्या नर्सबाईंचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाची मला फार भीती वाटली. थंड, गोड काहीतरी प्या, डाव्या कुशीवर पडा, आणि थांबू नका, तपासायला याच. मागे वळून जवळचं इस्पितळ गाठू का, असं निखिलने विचारलं. आम्ही कुठे आहोत, फेरी किती लांब आहे, हे त्यांनी विचारून घेतलं. वेळ सारखाच लागणार होता. मग इकडेच या, फाइल इथे आहे, आम्ही तयारीत राहतो, असं त्या म्हणाल्या.

म्हणजे बोट.

पाण्यावर

फेरीच्या नाक्यावर काचेमागच्या बाईला निखिलने दोन वाक्यांत सांगितलं. तिने वाकून मुक्ताकडे बघितलं, भिंतीवरचा फोन उचलला आणि आम्हाला शेकडो गाड्यांना वळसा घालून सगळ्यात पुढच्या रांगेत धाडलं. कोणी हॉर्न वाजवला नाही. आपल्याकडेही अशा वेळी लोक वाट देतात, पण आधी काय झालं ते विचारून घेतात, आणि त्या क्षणी मला त्या विचारण्याची फार आठवण आली.

बोटीच्या पोटात आमची गाडी अगदी टोकाला उभी राहिली. पुढे एक जाळी आणि मग नुसतं पाणी. पिवळ्या जाकिटातल्या बाईने चाकापुढे लाकडी ठोकळा सरकवला आणि इंजिन बंद करायला सांगितलं. मुक्ताची सीट मागे पाडून ती डाव्या कुशीवर झाली. नाक्यावरच्या यंत्रातून घेतलेला खोक्यातला सफरचंदाचा रस तिने एका दमात ओढला. मी मागच्या सीटवरून तिच्या पोटावर हात ठेवला.

बोट निघाली ती धक्का देऊन. मग ती वळत वळत बाहेर पडली. मुक्ता काही म्हणायला लागली की मी म्हणायचे, "आत्ताचं धरू नकोस. वळतेय ती." मला ती बोट सरळ झालेली हवी होती. आयुष्यात मी कशाची इतकी वाट बघितली नसेल. समोरचा किनारा जाळीच्या कडेकडेने सरकत होता. मग हळूहळू सरकायचा थांबला, मधोमध येऊन उभा राहिला. पाणी शांत होतं. यंत्राची बारीक थरथर होती, पण ती एकसारखी, पंख्याच्या घरघरीसारखी. थोड्या वेळाने ती कळेनाशी झाली. बोट चालली आहे हे आत बसून सांगता आलं नसतं.

"आता," मी म्हटलं. "आता जे होईल ते तिचं."

निखिल स्टिअरिंग धरून बसला होता, गाडी बंद असताना. काहीच होत नव्हतं. गाडीतला चहा चांगला सपाट राहतो हे मला माहीत होतं. पोट असं सपाट राहू नये म्हणून मी कोणाकोणाला हात जोडले, ते लिहीत नाही.

"आई," मुक्ता हळूच म्हणाली. "तुझा हात थरथरतोय. मला कळतच नाहीये तुझा की तिचा."

मी हात काढून घेतला. मांडीखाली दाबून ठेवला. मग दुसऱ्या हाताने तो रसाचा रिकामा खोका उचलला आणि तिच्या पोटाच्या वर आलेल्या बाजूवर आडवा ठेवला, जपून, आणि हात मागे घेतला. मुक्तानेही तिचे हात डोक्यापाशी नेले. "श्वास रोखू नकोस," मी म्हटलं. तिच्या श्वासाबरोबर खोका संथपणे वर जात होता, खाली येत होता. वर, खाली. ते मोजण्यात अर्थ नव्हता, ते तिचंच होतं. मला तिसरं कोणीतरी हवं होतं.

निखिल खोक्याकडे असा बघत होता की पापणी लवेना.

खोका घसरला.

वर नाही, खाली नाही. बाजूला. एक टोक उचललं गेलं आणि तो गडगडत गियरपाशी जाऊन पडला.

"हे बोटीचं का?" मुक्ताने विचारलं. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी समोर बघितलं. किनारा होता तिथेच, मधोमध. "नाही. बोट सरळ चाललीय. हे तिचं."

निखिलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि तो रडायला लागला. त्याचं कपाळ हॉर्नवर दाबलं गेलं आणि सगळ्या बोटीत हॉर्न दुमदुमला. पिवळ्या जाकिटातली बाई धावत आली. मुक्ता रडत होती, हसत होती आणि तिला हाताने सगळं ठीक असल्याचं सांगत होती. खोका मी परत ठेवला. पोरीने तो परत पाडला.

पलीकडचा धक्का जवळ आला तेव्हा बोट थांबूच नये असं मला वाटत होतं. थांबल्यावर पुन्हा रस्ता, पुन्हा वळणं, पुन्हा काही कळेनासं होणार. पण थांबली. त्या बाईने ठोकळा काढून आम्हाला पहिलं सोडलं. बेलव्ह्यूपर्यंत कोणी "हललं" म्हटलं नाही.

दवाखान्यात मुक्ताच्या पोटावर पट्टे बांधले आणि यंत्रातून ठोके ऐकू यायला लागले. भरभर, घोडा दौडल्यासारखे. फोनवरच्याच नर्सबाई होत्या. शेवटचं कधी हललं ते नक्की सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"फेरीवर," मुक्ता म्हणाली. अगदी ठाम, एकदाही न अडखळता.

बाईंनी यंत्राचा कागद बराच वेळ बघितला, मग मान डोलावली. बाळ छान आहे, थोडा वेळ अजून ऐकू, आणि आलात हे चांगलं केलंत. परत असं वाटलं तर परत या, कितीही वेळा.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. जमीन पक्की होती, खुर्ची पक्की होती, बाहेरचं काही हलत नव्हतं. आणि माझे गुडघे लटलट कापायला लागले. हाताने धरले तरी थांबेनात.

"आई," निखिल म्हणाला, "थंडी वाजून राहिली का? एसी कमी करायला सांगू?"

"नको रे," मी म्हटलं. "ही थरथर माझी आहे."